ओपिऑइड वेदनाशामके दीर्घकाळ चालू असताना क्वचित दिसणारे दुष्परिणाम: ओळखायचे कसे आणि पुढे कोणत्या क्रमाने जायचे

ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेन्टॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच यांपैकी एखादे ओपिऑइड (अफूसारखे काम करणारे वेदनाशामक) तीन महिन्यांहून जास्त काळ चालू असेल, तर हा लेख रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती हे नेहमीचे त्रास बहुतेकांना ठाऊक असतात. गडबड होते ती पुढे. वर्षभराने अंगात ताकद राहत नाही, रात्री श्वास अडखळतो, घास छातीत अडकतो, हातातून पेला उडतो किंवा दुखणे कमी व्हायचे सोडून अंगभर पसरते. प्रत्येक त्रासाला नवा आजार समजून नवा डॉक्टर गाठला जातो. नागपुरात धंतोलीत एक फाइल, रामदासपेठेत दुसरी, मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीची तिसरी. प्रत्येक फाइलमध्ये एकेक गोळी वाढते आणि सगळ्या गोळ्या एकत्र मांडून कोणीच पाहत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. दुष्परिणामाचे नाव कानावर पडताच घाबरून औषध एका दिवसात बंद केले जाते. महिनोन्‌महिने घेतलेले ओपिऑइड असे तोडले, तर जुलाब, गळणारे नाक, अंगावर काटा, पायांत गोळे, झोप उडणे आणि दुप्पट वेदना यांनी माणूस दोन दिवसांत बेजार होतो. म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. नोंद आधी, तपासणी नंतर आणि डोसमध्ये बदल सर्वांत शेवटी, तोही डॉक्टरांच्या हातून.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात आराम देण्यासाठी ही औषधे चालू असतील, तर हिशोब वेगळा असतो. तिथे हार्मोनच्या तपासण्यांच्या मागे धावू नका. पायरी १, पायरी ५ आणि लगेच खाली दिलेली आणीबाणीची लक्षणे तेवढी पाळा.

आधी हे वाचा: थांबायचे नाही अशी लक्षणे

हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नसेल, घोरताना घशात खरखर होत असेल, ओठ किंवा नखे निळसर झाली असतील, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, किंवा मिनिटाला श्वास ८ किंवा त्याहून कमी असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. पॅच लावलेला असेल तर काढा आणि रुग्णाला कुशीवर वळवा. श्वास थांबलाच, तर १०८ वरची व्यक्ती सांगेल तसे करा. रुग्णालयात पोचताच पहिल्या वाक्यात औषधाचे नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा. नॅलोक्सोन या उताऱ्याच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो. पॅच आणि दीर्घ परिणामाच्या गोळ्यांचा परिणाम त्याहून कितीतरी लांब चालतो. म्हणून "शुद्धीवर आले, आता घरी नेतो" असे करू नका.

फिट येणे, ताप आणि बडबड एकदम सुरू होणे, लघवी पूर्ण अडणे, किंवा उलट्या होऊन बी.पी. खूप खाली जाणे, यांसाठीही त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

## पायरी १: सगळी औषधे एका कागदावर आणा

घरातली सगळी पाकिटे, स्ट्रिप आणि बाटल्या एका ताटात काढा. ब्रँडच्या मोठ्या नावाकडे न पाहता खाली बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नाव आणि किती पावर ते लिहा. इथेच पहिली चूक सापडते. ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी वेगवेगळ्या नावांनी मिळते. अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेली एक आणि फॅमिली डॉक्टरांनी दिलेली दुसरी, अशी एकच गोळी दोन नावांनी पोटात जाते. ट्रामाडॉलची कमाल मर्यादा प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि ७५ वर्षांवरच्यांना ३०० मिलिग्रॅम आहे. त्यावर गेले की फिटचा धोका वाढतो.

यादीत ही औषधे आहेत का ते मुद्दाम शोधा:

- झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. नसांच्या दुखण्याच्या: प्रेगाबालिन, गॅबापेन्टिन. दोन्ही प्रकार ओपिऑइडसोबत श्वास मंद करतात. दारू, मग ती मोहाची असो की दुकानातली, हेच करते.
- नैराश्याच्या किंवा नसांच्या गोळ्या: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, ड्युलॉक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन.
- क्षयरोगाची औषधे. रिफाम्पिसिनमुळे यकृत ओपिऑइड लवकर निकामी करते. त्यामुळे चालू डोस अपुरा पडून मध्येच औषध तुटल्यासारखी लक्षणे दिसतात. रिफाम्पिसिन संपले की तोच जुना डोस जास्त होतो. प्रतिरोधी टीबीत दिले जाणारे लिनेझोलिड तर ट्रामाडॉलसोबत सरळ धोकादायक आहे.
- क्लॅरिथ्रोमायसिन आणि फंगसवरचे फ्लुकोनाझोल. यांनी फेन्टॅनिलची रक्तातली पातळी चढते.
- खोकल्याचे सिरप: कोडीन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले.
- डायक्लोफेनॅकसारखी साधी पेनकिलर, आणि गुडघ्यात किंवा पाठीत घेतलेली स्टेरॉइड इंजेक्शने.
- वैदूकडची सांधेदुखीची पूड. अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, आणि ते लपवले तर पुढची हार्मोनची तपासणी चुकते.

तपासा: यादीवर प्रत्येक औषधासमोर "कधी सुरू" आणि "डोस शेवटचा कधी बदलला" या दोन तारखा आहेत का? नसतील तर यादी अर्धवट आहे.

## पायरी २: चौदा दिवसांची वही

मोबाइलमध्ये नको, साधी वही घ्या, म्हणजे घरातल्या कोणालाही लिहिता येईल. रोज एक पान. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री वेदना ० ते १० मध्ये किती, प्रत्येक डोसची घड्याळातली वेळ, शौच झाली की नाही, झोप किती, आणि नवीन काही वाटले तर ते रुग्णाच्याच शब्दांत. "बरं वाटत नाही" एवढे लिहिल्याने डॉक्टरांना काही कळत नाही. "दुपारी ४ ला जांभया, घाम, पाय ओढले, ६ ची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात थांबले" या एका ओळीवरून निदान होऊ शकते.

पहिल्या पानावर माणसाच्या शरीराची पुढून आणि मागून साधी आकृती काढा. औषध सुरू करताना कुठे दुखत होते ते निळ्या पेनने आणि आज कुठे दुखते ते लाल पेनने रंगवा. हे पान पायरी ४ मध्ये लागणार आहे.

आठवड्यातून दोन रात्री घरच्या एकाने झोपलेल्या रुग्णाचे श्वास पूर्ण ६० सेकंद मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ओपिऑइडमुळे बिघडलेला श्वास अनियमित असतो, चार-पाच श्वास घेऊन मध्येच थांबतो, आणि गुणाकारात तो थांबा हरवतो. श्वास थांबताना दिसला तर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मोजणी मिनिटाला १० च्या खाली पण ८ च्या वर असली, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांना दाखवा; ८ किंवा कमी असेल तर लगेच १०८.

## पायरी ३: त्रास तारखांशी जुळवा

यादी आणि वही शेजारी ठेवा आणि नवा त्रास सुरू झाल्याची तारीख कोणत्या बदलाजवळ येते ते पाहा.

काही तासांत ते दोन दिवसांत आलेला त्रास बहुधा नव्या औषधामुळे, वाढलेल्या डोसमुळे किंवा शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे असतो. आठवड्यांत आलेला त्रास पोट, झोप किंवा वाढलेली वेदना यांच्याकडे बोट दाखवतो. महिन्यांत हळूहळू आलेला थकवा, कामेच्छा कमी होणे, पाळी थांबणे, हाड मोडणे यांत हार्मोनचा विचार आधी करा. तारीख आठवत नसेल, तर मेडिकल स्टोअरच्या जुन्या बिलांवर ती सापडते.

इशारा: तारखा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. शंका धरायला तेवढे पुरते, औषध बंद करायला नाही.

## पायरी ४: त्रास कोणत्या प्रकारात बसतो

### दुखणे वाढत चालले आहे

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे थांबून वाचा. डोस वाढवूनही दुखणे वाढते, याची चार वेगळी कारणे असू शकतात आणि चारांचे उपाय वेगळे आहेत.

पहिले, मूळ आजार पुढे सरकला. दुखणे त्याच जागी वाढते आणि तपासणीत किंवा एमआरआयमध्ये नवे काही दिसते. दुसरे, शरीराला औषधाची सवय झाली. डोस वाढवला की आराम पडतो आणि बऱ्यापैकी टिकतो. तिसरे, दोन डोसांमधले अंतर जास्त आहे. पुढच्या गोळीच्या आधी ठरावीक वेळी दुखते, सोबत जांभया, घाम, बेचैनी. वही नीट ठेवली असेल तर हे लगेच उघड होते.

चौथे कारण क्वचित ओळखले जाते. औषधच वेदनेच्या नसा जास्त संवेदनशील करते. डॉक्टर याला हायपरअल्जेसिया म्हणतात. आकृतीत लाल रंग निळ्याच्या बाहेर पसरलेला दिसतो. कंबरेचे दुखणे पाठभर, मांड्यांत, हातांत जाते आणि नेमकी जागा दाखवता येत नाही. साधी चादर किंवा कपड्याची शिवण अंगाला लागली तरी दुखते. डोस वाढवल्यावर दोन-चार दिवस बरे वाटते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. अशा वेळी डोस वाढवणे म्हणजे त्रास वाढवणे. उपाय बहुधा डोस हळूहळू कमी करण्याचा किंवा ओपिऑइड बदलण्याचा असतो.

सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विदर्भात हा आजार बराच आढळतो. या रुग्णांमध्ये हायपरअल्जेसिया होऊ शकतो, पण म्हणून क्रायसिसच्या (तीव्र वेदनेच्या झटक्याच्या) वेळी त्यांना वेदनाशामक नाकारणे चूक आहे. क्रायसिस ही खरी, तीव्र वेदना आहे आणि तिला लगेच पुरेसे औषध मिळायलाच हवे. हायपरअल्जेसियाचा विचार दोन क्रायसिसच्या मधल्या, रोजच्या दुखण्यासाठी करायचा. खुब्यात नवे दुखणे सुरू झाले, तर आधी सांध्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी खराब झाले आहे का ते पाहून घ्या. ताप असेल तर घरी थांबू नका.

### हार्मोन: थकवा, कामेच्छा, पाळी, हाडे

ओपिऑइड मेंदूतून जननग्रंथींना जाणारा संदेश दाबतात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरते. थकवा, चिडचिड, कामेच्छा कमी, दाढी विरळ होणे, स्नायू सैल होणे. स्त्रियांत पाळी लांबते किंवा थांबते. दोघांतही वर्षानुवर्षांनी हाडे ठिसूळ होतात. हा विषय घरात बोलला जात नाही आणि ओपीडीत त्याहून कमी. रुग्ण "वय झालं" म्हणून सोडून देतो. डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्हीच सांगा, कारण यावर तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत.

त्याहून दुर्मीळ पण जास्त धोक्याचे म्हणजे मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडणे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सर्व ओपिऑइडसाठी हा इशारा दिला. भूक मरते, वजन उतरते, मळमळ राहते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, बी.पी. कमी राहते. ही लक्षणे अशक्तपणासारखीच असल्याने टॉनिक आणि सलाइनवर महिने जातात.

### झोप आणि श्वास

लठ्ठपणामुळे घोरणाऱ्यांचा श्वास घशात अडतो. ओपिऑइडमुळे होणाऱ्या प्रकारात घसा मोकळा असतो, मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला विसरतो. म्हणून घोरण्याचा आवाज नसला तरी हा त्रास असू शकतो. सकाळी जड डोके, दिवसा बसल्या-बसल्या डुलकी, आणि व्हिडिओत शांतपणे थांबलेला श्वास ही खूण. निदानासाठी रात्रभराची झोपेची तपासणी लागते. इथे झोपेची गोळी वाढवणे ही सर्वांत घातक चूक.

### पोट, गिळणे, लघवी

बद्धकोष्ठावर इसबगोल घेण्याची सवय आपल्याकडे पक्की आहे. ओपिऑइडमुळे आतड्याची हालचालच मंद झालेली असते. त्यात इसबगोल फुगून बसते आणि पाणी कमी प्यायलात तर अडथळा होतो. इथे आतडे हलवणारे आणि मल मऊ करणारे औषध लागते: सेना, बिसाकोडिल, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, लॅक्ट्युलोज. बरेच दिवस शौच न होता अचानक पातळ गळू लागले तर ते जुलाब नसतात, अडकलेल्या कडक मलाच्या बाजूने पाणी येत असते. जुलाब थांबवणारी गोळी तिथे देऊ नका.

क्वचित, पोटात कळा येतात आणि ओपिऑइड जितके वाढवावे तितक्या त्या वाढतात. याला नार्कोटिक बॉवेल सिंड्रोम म्हणतात. सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी सगळे नॉर्मल, तरी पोट दुखतेच.

घास आणि पाणी दोन्ही छातीत अडकत असतील, तरीही एंडोस्कोपी नॉर्मल येऊ शकते, कारण बिघाड अन्ननलिकेच्या हालचालीत असतो. तो मॅनोमेट्री या तपासणीत दिसतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत लघवीची धार कमी होते, तेही सांगा.

### झटके, थरथर, फिट

जागेपणी हात-पाय मध्येच उडणे, भांडे हातातून सुटणे, स्वप्न आणि खरे यांत गल्लत होणे: मॉर्फिन घेणाऱ्यात हे दिसले की आधी मूत्रपिंड तपासा. मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे घटक लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावले की ते साठतात आणि मेंदूला चाळवतात. वरून डायक्लोफेनॅक चालू असेल तर तेच मूत्रपिंडाला आणखी दाबते. घरचे याला वेदना समजून मॉर्फिनचा एक डोस जास्त देतात आणि झटके वाढतात.

ट्रामाडॉल किंवा टॅपेन्टाडॉलसोबत नैराश्याची गोळी, लिनेझोलिड किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन आले, तर मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढू शकते. घाम, थरथर, जुलाब, वाढलेली नाडी, ताप, बेचैनी, आणि पायाचा पंजा वर दाबला की तो आपोआप ठोके दिल्यासारखा उडतो. बहुधा नवी गोळी सुरू केल्यापासून २४ तासांत. हे आणीबाणीचे लक्षण आहे.

### बाकीचे, थोडक्यात

ट्रामाडॉलने रक्तातली साखर घसरू शकते, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, आणि मधुमेह नसतानाही. सोडियमही उतरू शकते. वयस्कर स्त्रियांत बी.पी.ची लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर जास्त. गोंधळ, तोल जाणे दिसले तर दोन्ही मोजा. मेथाडोन या ओपिऑइडने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि डोस वाढल्यावर ईसीजी. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळवणाऱ्यांचे दात किडू शकतात. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याने चूळ फिरवा आणि ब्रश तासाभराने करा. पायांवर सूज आणि अति घाम हेही अधूनमधून औषधाचेच असतात.

## पायरी ५: नागपूरचा उन्हाळा वेगळा हिशोबात धरा

मार्चच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत, आणि नवतप्यात तर रोज, हे नियम पाळा.

१. फेन्टॅनिलच्या पॅचमधून औषध त्वचेत किती शिरते ते उष्णतेवर ठरते. ताप ४० अंश सेल्सिअस झाला, तर रक्तातली पातळी साधारण एक-तृतीयांशाने वाढू शकते, असे पॅचच्या माहितीपत्रकातले गणित आहे. पॅचवर थेट ऊन, गरम पाण्याची पिशवी, शेकायचा दिवा, कडक पाण्याची आंघोळ काहीही नको. दुपारी दुचाकीवर बाहेर पडणे टाळा. ताप आला तर पॅच चालू असल्याचे फोनवर सांगून त्याच दिवशी सल्ला घ्या.

२. घामाने पॅच सुटतो. लावण्याआधी जागा फक्त पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. साबण, तेल, स्पिरिट नको. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको, कारण खरचटलेल्या त्वचेतून औषध जास्त शिरते. लावल्यावर तळहाताने ३० सेकंद दाबा. लावल्याची तारीख-वेळ वहीत लिहा. कडा सुटल्या तर वरून चिकटपट्टी लावा. दुसरा पॅच चढवू नका. पॅच कधीही कापू नका.

३. जुना पॅच काढला का, हे नवा लावण्याआधी बोटाने चाचपून पाहा. पाठीवरचा जुना पॅच विसरून दुसरा लावला जाणे ही नेहमीची चूक आहे. फेन्टॅनिलचा पॅच बहुधा ७२ तासांचा, ब्युप्रेनॉर्फिनचा ७ दिवसांचा. काढल्यावरही फेन्टॅनिलची पातळी निम्म्यावर यायला १७ तास किंवा जास्त लागतात.

४. पाणी कमी झाले की मूत्रपिंड मंदावते. मग मॉर्फिन साठणे, बद्धकोष्ठ, सिकलसेलचा क्रायसिस एकामागून एक येतात. पाणी, ताक, पन्हे ठरवून द्या. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळा. लघवी दिवसभरात दोनदाच आणि गडद झाली, तर मॉर्फिनच्या पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना विचारा.

५. औषधे बंद गाडीत, डिकीत, खिडकीजवळ ठेवू नका. घरातली सर्वांत थंड खोली निवडा आणि कुलूप लावा.

इशारा: मे महिन्यात ताप, गोंधळ आणि घाम दिसला की सगळे उष्माघात म्हणतात. ट्रामाडॉल किंवा टॅपेन्टाडॉल चालू असेल तर सेरोटोनिनचे निदान सुटू नये म्हणून औषधांची यादी डॉक्टरांच्या हातात द्या. अंग थंड करणे मात्र दोन्हींत लगेच सुरू करा.

## पायरी ६: तपासण्या, योग्य वेळी

तपासणीपेक्षा तिची वेळ जास्त वेळा चुकते. कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतात. संध्याकाळी नमुना दिला तर निरोगी माणसाचाही आकडा कमी येतो.

पहिल्या फेरीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व. थकव्याची साधी कारणे इथेच सापडतात. सिकलसेल असेल तर हिमोग्लोबिनचा जुना आकडा सोबत जोडा.

दुसऱ्या फेरीत, लक्षणे असतील तरच, सकाळी ८ च्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि १० च्या आत, उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्या. ताप किंवा दुसरा तात्पुरता आजार असताना टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त देऊ नका. एकदा कमी आले तर वेगळ्या दिवशी पुन्हा करा. दोनदा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आले तर हार्मोनतज्ज्ञांकडे जा. कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, १५ ते १८ च्या वर असेल तर शक्यता कमी. मधल्या आकड्याला उत्तेजक इंजेक्शन देऊन पुढची चाचणी करतात. गेल्या काही आठवड्यांत सांध्यात स्टेरॉइड घेतले असेल तर ते आधी सांगा, कारण तेही कॉर्टिसॉल दाबते.

ईसीजी, झोपेची तपासणी, हाडांची घनता, मॅनोमेट्री या फक्त त्या-त्या लक्षणासाठी. सगळ्यांची एकत्र पॅकेजे घेऊ नका.

## पायरी ७: डॉक्टरांपुढे काय ठेवायचे

यादी, वही, शरीराची आकृती, व्हिडिओ आणि अहवाल घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा, शक्यतो वेदना विभागाच्या किंवा ओपिऑइड लिहून देणाऱ्या. विचारायचे प्रश्न तीन: हा त्रास या औषधाचा असू शकतो का? असेल तर डोस कमी करायचा, औषध बदलायचे की दुष्परिणामावर उपचार करायचे? बदल कोणत्या तारखेपासून आणि बिघडले तर रात्री फोन कोणाला?

डॉक्टर एकूण धोका मॉर्फिनच्या तुलनेत मोजतात. उदाहरणार्थ, टॅपेन्टाडॉल १०० मिलिग्रॅम म्हणजे मॉर्फिनचे साधारण ४० मिलिग्रॅम. मॉर्फिनच्या हिशोबाने दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर गेले की जास्त जपायचे. हे गणित धोका समजण्यासाठी आहे, घरी एका औषधाऐवजी दुसरे देण्यासाठी नाही. औषध बदलताना डॉक्टर हिशोबाने आलेला डोस आणखी २५ ते ५० टक्के कमी करून सुरुवात करतात, कारण एका ओपिऑइडची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही.

## पायरी ८: डोस कमी करताना

वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांत दर महिन्याला १० टक्के किंवा त्याहून हळू कमी करणे बहुतेकांना झेपते. मध्ये महिनाभर थांबले तरी चालते, मागे मात्र शक्यतो जाऊ नये. दीर्घ परिणामाची गोळी फोडून किंवा चघळून अर्धी करू नका. दिवसभराचे औषध एकदम सुटते आणि श्वास थांबू शकतो. कमी पावरची गोळी लिहून घ्या. गरोदर स्त्रीने स्वतःहून काहीही कमी करू नये.

इशारा: डोस कमी झाला की शरीराची सवयही जाते. दोन महिन्यांनी दुखणे उसळले म्हणून कपाटातला जुना, मोठा डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. उरलेल्या जास्त पावरच्या गोळ्या त्याच आठवड्यात घरातून काढा.

साठा संपणे हेही एकदम बंद करण्यासारखेच आहे. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतूनच मिळतात. काटोल, उमरेड, गोंदिया किंवा छिंदवाड्याहून नागपूरला येणाऱ्यांनी शेवटच्या स्ट्रिपपर्यंत थांबू नये. आठवडाभराचे औषध उरले असतानाच पुढची तारीख घ्या आणि दिवाळीच्या आधी फोन करून संस्था उघडी आहे का ते विचारा. प्रवासात डॉक्टरांची मूळ चिठ्ठी औषधासोबतच ठेवा.

औषध ठरल्यापेक्षा जास्त घ्यावेसे वाटते, ओढ लागते असे रुग्ण म्हणाला, तर त्याला रागावू नका. हाही उपचार करण्याजोगा परिणाम आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

## पायरी ९: नोंद आणि विल्हेवाट

दुष्परिणामाची शंका असली तरी तो नोंदवता येतो, सिद्ध व्हावा लागत नाही. भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत नोंद केंद्रे आहेत. रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात. औषधाचे मूळ नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि त्रासाची तारीख जवळ ठेवा. पायरी १ ची यादी इथे पुन्हा कामी येते.

वापरलेल्या पॅचमध्ये लहान मुलाचा जीव घेईल इतके औषध उरलेले असते. चिकट बाजू आत करून दुमडा, हात पाण्याने धुवा, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवून जिथून पॅच मिळतात तिथे पुढच्या भेटीत परत द्या. उघड्या कचऱ्यात टाकू नका. वापरलेले आणि दिलेले पॅच मोजून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, म्हणजे एक कमी असला तर त्याच दिवशी कळेल.